पात सोडल्यावर

आये, काल मुरबाडला मला नारळ दिला. घाबरू नको, नोकरीवरून नव्हे. रेल्वेतली माझी अजून बारा वर्षं शिल्लक आहेत, आणि कसाऱ्याचा घाट चढायला गाड्यांना मागून जी इंजिनं लावतात ती अजूनही माझ्या हाताखालून तपासून जातात. नारळ दिला तो खेळातून, आणि तोही शालीसकट, माईकवरून नाव पुकारून, लोकांनी टाळ्या वाजवून. नारळ हातात देणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मामा भिवंडीचा कारखाना सोडून गावी आला तेव्हा तू भर अंगणात त्याला विचारलं होतंस, "तुला पण दिला काय रे नारळ?" आणि तो दोन दिवस तुझ्याशी बोलला नव्हता. आज सोमवार आहे. रजा टाकून शहापूरच्या घरी बसलोय. उजव्या गुडघ्यावर तुझ्या सुनेनं निर्गुडीचा पाला गरम करून बांधलाय, पाय समोरच्या खुर्चीवर, आणि मांडीवर मुलीची जुनी वही. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुझ्या तोंडाकडं बघत मी यातलं निम्मं गाळलं असतं. तेव्हा आता लिहितोय ते एका परीनं बरंच आहे.

तुझ्या उंचीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण सगळं आलं ते तिथून. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आपल्या गावात तुझ्याएवढी उंच बाई नव्हती, आणि पुरुषही दोन-चारच असतील. लग्नाच्या मांडवात बाबांना पाटावर उभं केलं होतं असं आत्या सांगायची, आणि बाबा ते कधी नाकबूल करायचे नाहीत. घराची दारं, पडवीचं छप्पर, विहिरीचा रहाट, सगळं गावानं गावच्या मापानं बांधलेलं. तू त्यात वाकून वाकून राहायचीस. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "वर आभाळ कसं हाय गो?" तू म्हणायचीस, "तुमच्या आधी भिजते, येवढंच." हसून म्हणायचीस, पण चालताना मान खाली आणि खांदे पुढं. मी आठवीत तुझ्या खांद्याला लागलो आणि दहावीत तुझ्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागलो, तेव्हा तुझा जीव खालीवर झाला. "पुरे कर रे आता, कापड पुरायचं नाय," असं तू मला म्हणायचीस, जसं काही मी मुद्दामच वाढत होतो. मुरबाडच्या शाळेत पी.टी.च्या सरांनी मला वर्गाच्या दाराशी वाकताना पाहिलं आणि हाताला धरून थेट मैदानावर नेलं. तिथं एका खांबावर लोखंडी रिंग लावलेली होती. तिच्याखाली मला उभं करून ते म्हणाले, "इथं वाकायचं नाही." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सरळ उभं राहायला सांगितलं होतं. ते ऐकूनच मी त्या खेळाचा झालो.

तो बास्केटबॉलचा खेळ तुला मी एकदाच समजावून सांगायचा प्रयत्न केला, आठवतं? रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर माझी भरती झाली त्या वर्षीची गोष्ट. तू चुलीपुढं तांदळाच्या भाकऱ्या थापत होतीस आणि मी उंबऱ्यात बसून परातीतलं पीठ बोटानं उकरत होतो. मी सांगितलं की दोन्ही बाजूंना पाच-पाच जण असतात, बॉल वरच्या रिंगमध्ये टाकायचा असतो, आणि मी सेंटर आहे. तू विचारलंस, "म्हंजे तू करतोस काय?" मी म्हटलं, "रिंगखाली उभा राहतो. कुणाचा नेम चुकला की बॉल बोर्डावर आपटून खाली येतो, तो सगळ्यांच्या आधी वरच्या वर घ्यायचा." तू तव्यावरची भाकरी उलटलीस, जरा विचार केलास आणि म्हणालीस, "उभं राह्याचा पगार देतात?" पुढं वर्षभर गावात तुझं एकच सांगणं होतं, की माझा पोरगा रेल्वेत उभा राहतो. लोक समजले की मी सिग्नलला झेंडा घेऊन उभा असतो. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. खरं म्हणजे तू बरोबरच सांगत होतीस. पंधरा वर्षं मी रिंगखाली उभा राहिलो. माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं लोंबकळायची आणि मी एका हातानं बॉल काढून घ्यायचो. ती जागा माझी होती. त्या जागेचा मला माज होता, हेही सांगून टाकतो.

आता त्या लावणीचं. याबद्दल आपण कधी बोललो नाही. तू जिवंत असताना नाही, आणि तुझ्या पाठीमागं मी घरातही विषय काढला नाही. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. आषाढ लागला होता, मी चार दिवसांची रजा घेऊन आलो होतो, आणि खालच्या खाचरात सात बायका लावणीला उतरल्या होत्या. सात बायका, सात पाती, एकेकीनं लावत न्यायचा एकेक पट्टा. त्यातली बांधालगतची पात कायम तुझी, कारण तू सगळ्यांत जलद आणि तुझ्या मापानं बाकीच्यांनी चालायचं. पण त्या वर्षी तुझी कंबर दोन-तीन ओळींवर अडायला लागली होती. उंच माणसाला चिखलापर्यंत पोचायला जास्त वाकावं लागतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. बायका मागं मागं सरकत लावत जायच्या आणि तुझी पात वीतभर लावायची राहायची, मग हातभर, मग दोन पावलं. तुझ्या शेजारी तुझी नवी सून. बुटकी, चपळ, माहेरी धाकट्या बहिणींच्या वाटचं लावून मोठी झालेली. तिची ओळ झाली, तिनं तुझ्याकडं पाहिलं, आणि एक शब्द न बोलता हात लांब करून तुझ्या पातीत दोन ओळी लावून टाकल्या.

सगळ्या बायकांच्या गप्पा थांबल्या. तिच्या माहेरी म्हाताऱ्या माणसाची पात असं भरून देणं हा मान असतो. तिकडं सुनेनं तसं केलं नाही तर लोक नावं ठेवतात. आपल्या गावात मात्र पात भरून देतात ती आजाऱ्याची नाहीतर पोटुशीची. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि दोन गावांत अंतर तरी किती, मध्ये एक नदी आणि एक टेकडी. तू सरळ उभी राहिलीस. इतकी सरळ उभी मी तुला कधीच पाहिली नव्हती. "बाय, माझी पात मला लावता येते," एवढंच म्हणालीस, आणि हातातलं रोप तसंच धरून बांधावर जाऊन बसलीस. दुपारची भाकरी खाल्ली नाहीस. संध्याकाळी घरी येऊन न जेवता झोपलीस. तुझी सून परसात भांडी घासता घासता रडत होती. मला विचारत होती, "मी काय केलं? आमच्याकडं असंच करतात वो." मी दोघींच्या मध्ये लाकडाच्या ओंडक्यासारखा बसून राहिलो. रिंगखाली जिथं तिथं हात घालणारा मी, तिथं माझा हात काही चालला नाही.

दुसऱ्या दिवशी तू शेतात आलीस ते थेट माझ्याकडं. मी बांधावरून रोपांच्या मुठी फेकण्याचं काम करत होतो, म्हणजे करतोय असं समजत होतो. पहिली मूठ एका काकूच्या पुढ्यात, लावलेल्या रोपांवर पडली. दुसरी इतकी जवळ, की चिखल उडून तिचं तोंड भरलं. तिसरी शेंडे खाली, मुळं वर. "रोपं काय उलटी झोपवायला आणली काय रे?" असं म्हणून तू माझ्या हातातली मूठ ओढून घेतलीस. "गडी येवढा ताडासारखा वाढलाय आन् येक मूठ टाकता येत नाय." मी म्हटलं, मी बरोबर तिच्याकडंच टाकली होती. तेव्हा तू जे बोललीस ते मला तेव्हा नुसतं ओरडणं वाटलं. "माणसाकडं टाकू नको. माणूस हाय तिथं राहात नाय. डावा हात जिथं रिकामा होणार हाय, तिथं टाक." आणि तू टाकून दाखवलीस. काकू वाकून लावत मागं सरकत होती. तुझी मूठ तिच्या पाठीवरून गेली, मुळांवर पडली, जराही कलंडली नाही. दोन पावलं मागं आल्यावर काकूनं न बघता डावा हात खाली नेला तर मूठ तिथंच. मग तू सातही पातींना मुठी पुरवल्यास. बांधावर सरळ उभी राहून. तुझ्या सुनेला सगळ्यांत आधी, ही गोष्ट तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. त्यानंतर सात पावसाळे तू कुणाला ते काम करू दिलं नाहीस, आणि गावातल्या बायका म्हणायला लागल्या की तू बांधावर असलीस की लावणी एक दिवस आधी उरकते. तुझं वाकणं त्या दिवशी संपलं, आये. मला ते उशिरा कळलं, पण कळलं.

आता माझं ऐक. ऑफिसच्या टीममधून मी अडतिसाव्या वर्षी बाहेर पडलो, पण शहापूरला आम्ही आठ-दहा जण दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर खेळतो आणि वर्षातून एकदा, हिवाळा सरला की, मुरबाडच्या सामन्यांना उतरतो. त्या टीममध्ये रिंगखालची जागा माझीच. मागच्या दिवाळीच्या सुमारास सापगावचा एक जण यायला लागला. बावीस वर्षांचा, माझ्याहून दोन बोटं उंच, आणि उडी अशी की वाटावं खालून कुणीतरी ढकलतंय. चांगला मुलगा आहे. पहिल्याच रविवारी माझ्याकडं बॉल येत होता, मी हात वर केला, पाय जमिनीवरून निघायला नेहमीसारखा उशीर झाला, आणि याचा हात माझ्या हातावरून गेला. बॉल घेऊन खाली उतरला आणि अगदी मनापासून म्हणाला, "काका, तुमी राहू द्या. मी घेतो." आमचा कॅप्टन शहापुरात मेडिकलचं दुकान चालवतो. तोही हसत म्हणाला, "बरं झालं, काकांच्या गोळ्या वाचल्या." सगळे हसले. मीही हसलो. आणि पुढचे तीन रविवार गेलो नाही.

घरी सांगितलं की गुडघा दुखतोय. गुडघा दुखतच होता, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही. पण दुखणाऱ्या गुडघ्यानं मी सकाळी साडेपाचला उठायचो, बूट काढायचो, पुसायचो आणि परत ठेवायचो. तिसऱ्या रविवारी तुझी सून चहाचा कप माझ्यापुढं ठेवून उभी राहिली. माझ्याशी भांडायचं असलं की ती उभीच राहते, बसली की मी तिच्या दुप्पट दिसतो ना. तुला ती आत्याच म्हणायची. म्हणाली, "आत्या येक दिवस रुसल्या होत्या. तुमचा तिसरा रविवार चाललाय." मी कप उचलला. ती म्हणाली, "त्या दुसऱ्या दिशी बांधावर गेल्या. तुमी कुठं जाणार ते ठरवा, नायतर ते बूट तरी भंगारात द्या, घरात वास येतो." मग ती म्हणाली, "त्या पोरानं तेच केलं ना, जे मी केलं? त्याला तरी नीट बोला. मला कुणी बोललंच नव्हतं." तेवीस वर्षं ती हे पोटात घेऊन वावरली आणि मला पत्ता नाही. मी चहा प्यालो आणि बूट घालून निघालो. जाता जाता म्हटलं, वास काही इतका येत नाही. ती म्हणाली, येतो.

मैदानावर गेलो आणि सापगावच्याला म्हटलं, "रिंगखालची जागा तुझी. पण मला कुठंतरी उभं राहायला लागेल." तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. मी रिंगपासून पाच पावलं मागं, फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभा राहिलो. उडी नाही, धावपळ नाही. बॉल माझ्याकडं यायचा, मी तो डोक्यावर धरायचा, म्हणजे कुणाच्या हाताला लागत नाही, आणि तिथून ज्याला द्यायचा त्याला द्यायचा. सांगायला सोपं. पंधरा वर्षं ज्यानं सगळा बॉल स्वतःकडं ओढला त्याला तो देणं म्हणजे सासूनं किल्ल्या देण्यासारखं आहे. पहिला पास मी सापगावच्याला दिला तो सरळ त्याच्या नाकावर. त्याच्या नाकातून रक्त आलं, कॅप्टननं दुकानातून कापूस आणला, आणि मी तोंडातल्या तोंडात म्हणत राहिलो की मी बरोबर त्याच्याकडंच टाकला होता. म्हटल्यावर मलाच हसू आलं. नाकाला कापूस लावलेला तो आणि समोर खो खो हसणारा मी. पोरांना वाटलं म्हातारा कामातून गेला.

मग मी बघायला लागलो. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच बघायला लागलो, कारण रिंगखाली असताना मला फक्त वरचं दिसायचं. सापगावचा डावखुरा आहे हे मला एवढ्या दिवसांत कळलं नव्हतं. तो उजवीकडून धावत येतो आणि शेवटच्या पावलाला त्याचा डावा हात मोकळा होतो. कॅप्टन थकला की बॉलच्या मागं जातो, पुढं जात नाही. अजून एक जण आहे, त्याला पास आवडतो पण छातीच्या वर आला की तो डोळे मिटतो. हे सगळं शिकायला मला पूर्ण हिवाळा लागला. गुडघ्याला पट्टा, खेळायच्या आधी अर्धा तास पायांना तेल, दोन पावलांत होणारं काम तीन पावलांत करायचं नाही, आणि समोरच्या पोराला पाठीनं असं अडवून ठेवायचं की त्याला वाटावं भिंतच आहे. कधीमधी लांबून एखादा शॉट बोर्डावर आपटून आत जायचा, तेव्हा पोरं ओरडायची, "काका, अजून हाय!" मला ते फार आवडायचं. सुखाचे दिवस होते ते, आये. मी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खायचो.

आणि मग कालचा रविवार. मुरबाडला शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टावर फायनल, समोर कल्याणची टीम, पोरं सगळी पंचविशीच्या आतली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उसाच्या रसाची गाडी, बक्षिसांच्या टेबलावर चषक आणि एक मिक्सर. तुझी सून पहिल्या रांगेत बसली होती. बऱ्याच वर्षांनी सामना बघायला आली होती, नवी साडी नेसून. सामना सुरू व्हायच्या आधी मंडळानं माझं नाव पुकारलं. ज्येष्ठ खेळाडूचा सत्कार. शाल माझ्या खांद्यावर टाकायला सत्कार करणाऱ्या गृहस्थांना खुर्चीवर चढावं लागलं. मग नारळ. कॅप्टननं जवळ येऊन हळूच सांगितलं, "काका, आता मानानं बाकावर बसा. लागलं तर हाक मारतो." हा बेत त्यानंच ठरवला होता, प्रेमानं ठरवला होता, आणि त्याच्या प्रेमाला मी काय बोलणार? नारळ मांडीवर घेऊन मी बाकावर बसलो. तुझी सून माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

मी बाकावरून सामना बघत राहिलो. सापगावच्याला बॉल मिळतच नव्हता. जो तो त्याच्याकडं टाकत होता, आणि तो तिथून निघून गेलेला असायचा. शेवटची चार मिनिटं राहिली, आपण सात गुणांनी मागं, आणि आपल्या एकाचे पाच फाउल होऊन तो बाहेर गेला. कॅप्टननं बाकाकडं बघितलं. हाक मारायच्या आधीच मी शाल काढली होती. कोर्टात जाऊन रेषेवर उभा राहिलो आणि चार पास दिले. खरंच दिले, आये, तू बांधावरून टाकावेस तसे. सापगावच्याचा हात मोकळा झाला की बॉल तिथं. त्यातले तीन आत गेले. एक कॅप्टनला दिला, तो त्यानं घालवला, पण तो कॅप्टन असल्यामुळे कुणी काही बोललं नाही. मग एक फ्री थ्रो त्यांचा, एक आपला. वीस सेकंद उरली तेव्हा आपण एका गुणानं मागं.

बॉल माझ्याकडं आला. रिंगकडं माझी पाठ होती. सगळं मैदान ओरडत होतं, "काका, मार! मार काका!" मी वळलो. माझ्यासमोरचा पोरगा उडी मारायला वर गेला, दुसराही माझ्या अंगावर आला, आणि बॉल माझ्या हातातून त्या दोघांच्या मधून खाली गेला, सापगावच्याच्या डाव्या हातात. त्यानं बघितलंसुद्धा नाही. दोन पावलं, हात वर, आणि बॉल आत. शिट्टी. आपण एका गुणानं जिंकलो. मी जमिनीवर बसलो होतो. पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. सापगावचा सगळ्यांना सांगत होता, "काकांनी बघितलंच नाय, तरी दिला!" कॅप्टन माझा हात धरून म्हणाला, पुढल्या वर्षी बाकाबिकाचं नाव काढणार नाही. कल्याणच्या टीमचे सर येऊन म्हणाले की असा पास त्यांनी पंचवीस वर्षांत बघितला नाही. मला उठता येत नव्हतं, म्हणून मी बसूनच सगळ्यांचं ऐकून घेतलं.

आणि तुझी सून खुर्च्यांमधून वाट काढत आली. तिचे डोळे भरलेले होते. शेजारच्या बाईला, मग माझ्या मुलीला फोनवर, मग येताना गाडीत सगळ्यांना, आणि आज सकाळपासून आळीतल्या प्रत्येक दारात ती एकच सांगतेय: "आमच्या आत्यांची मूठ पडावी तसा पडला." तिच्या तोंडून तुझं नाव इतक्या वर्षांत असं मोकळं कधी आलं नव्हतं. काल रात्री जेवताना ती म्हणाली, "आत्या असत्या तर आज मला बोलल्या असत्या." काय बोलल्या असत्या ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती हसत होती. मला फार बरं वाटलं.

म्हणून हे पत्र कुठं ठेवायचं नाही. घरात ठेवलं तर ती वाचणार, ती सगळं वाचते, गोळ्यांच्या पाकिटावरचंसुद्धा. पानं फाडून उद्या कामावर नेईन आणि तिथं बारीक तुकडे करीन. कारण तुला एकटीला सांगायचं ते असं आहे. मला पास द्यायचाच नव्हता. सापगावचा कुठं आहे हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. वळलो, रिंग दिसली, लोक ओरडत होते, आणि सगळा हिवाळा शिकलेलं शहाणपण क्षणात कुठल्या कुठं गेलं. मला शॉट मारायचा होता. उडी मारायला पाय उचलला आणि उजवा गुडघा गेला, मी कोसळलो, आणि कोसळताना बॉल हातातून निसटला. तो तिच्या आत्यांच्या मुठीसारखा पडला, हे खरं आहे. मी टाकला नव्हता. आणि आये, पुढल्या वर्षी बॉल तसाच आला, गुडघा असाच असला, आणि ती पहिल्या रांगेत बसलेली असली, तरीसुद्धा मी मारायलाच जाणार.